बाना काब्वेची थोरली

संशय हा काहींचा स्वभाव असतो, काहींचा पेशा. अहिल्याबाई बोकाऱ्यांचा तो आधी पेशा होता, मग हळूहळू स्वभाव झाला. विदर्भातल्या एका नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदीच्या टेबलावर त्यांनी चौतीस वर्षं काढली. शाळेत लवकर घालता यावं म्हणून पोराचं वय वाढवणारे बाप, हयात काकाला कागदावर मारून टाकणारे पुतणे, असे सगळे त्यांच्या टेबलासमोर घाम पुसत उभे राहून गेले होते. खोटं बोलणारा माणूस सगळ्यात आधी आकड्यात चुकतो, हा त्यांचा अनुभव. म्हणून बायकांना त्या 'मुलं किती' हे दोनदा विचारत, एकदा फॉर्म भरताना आणि एकदा सही घेताना, अगदी सहज विचारल्यासारखं.

नवरा गेल्यावर २००२ मध्ये त्या अमेरिकेत नेपरव्हिलला, मुलाकडे राहायला आल्या. उल्हास सॉफ्टवेअरमध्ये, सून उत्तरा औषधांच्या कंपनीत, नात नेत्रा हायस्कूलमध्ये. पाच हिवाळे त्यांनी घरातल्या घरात निभावले आणि सहाव्याला, २००७ च्या डिसेंबरात, टपालपेटीतली पत्रं आणायला म्हणून ड्राइव्हवेवर गेल्या त्या घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि दिवसभर घरात कोणी नसतं म्हणून एजन्सीने एक बाई पाठवली.

बिल्ल्यावर तिचं नाव होतं ओनोरीन. उंच, चाळिशीच्या आतली, हळू बोलणारी. पण तिला फोन आला की पलीकडची माणसं तिला 'बाना काब्वे' म्हणत. एजन्सीच्या कागदावर आणखी तिसरंच काही होतं. ज्या माणसाला तीन नावं, त्याची एक तरी भानगड असतेच, असं अहिल्याबाईंनी उत्तराला ऐकवलं. आपलं माहेरचं नाव सुमती होतं आणि 'अहिल्या' हे लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलेलं, हे त्या घटकेला त्यांना आठवलं नाही. आपलं ते आपण विसरतोच.

पहिल्याच दिवशी, ती पायमोजे चढवत असताना, बाईंनी विचारलं, "मुलं किती?"

"दोन मुलगे. जोएल आणि पॅट्रिस," ती म्हणाली.

झाली नोंद.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसातून तीनदा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. चालताना दुखे, म्हणून बाना बोलत राही. दोघींचं इंग्रजी मोडकंच, एकीचं फ्रेंचवरून आलेलं, दुसरीचं सरकारी फॉर्मवरून. पण मोडक्याचं मोडक्याशी जमतं. बाना म्हणे, आम्ही ब्विले. म्वेरू नावाचं एक मोठं तळं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही एवढं. राजे-रजवाडे मागाहून आले, त्याच्या आधीपासून आमचे लोक तिथं मासे मारत होते. मग गोरे आले आणि त्यांनी नकाशावर तळ्याच्या मधोमध रेघ ओढली. अर्धे ब्विले काँगोत, अर्धे झांबियात. माझा बाप सकाळी एका देशात जाळं टाकायचा आणि वारा फिरला की दुसऱ्या देशात ओढायचा.

अहिल्याबाईंनी त्या दिवशी नेत्राला कॉम्प्युटरवर ब्विले शोधायला लावलं.

"आजी, धिस इज ऑल देअर इज," नेत्रा म्हणाली. पडद्यावर जेमतेम चार ओळी होत्या.

"एवढीच? अख्ख्या जमातीच्या चार ओळी?"

बाई विचारात पडल्या. एखाद्या गावाची नोंद रजिस्टरात सापडत नसेल, तर एक तर रजिस्टर वाळवीने खाल्लेलं असतं, नाहीतर गाव खोटं असतं. अमेरिकेत वाळवी कुठून येणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

मग प्रत्येक गोष्ट त्यांच्या डोळ्यात खुपायला लागली. त्यांच्या एकादशीला उत्तराने साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती. बाना त्यातला एक दाणा बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिली, नाकाशी नेला आणि म्हणाली, हे आमचं आहे, हे ज्या कंदाचं करतात तो कंद आम्ही भिजवून, वाळवून, कुटून रोज खातो. उपासाचं पवित्र अन्न आणि म्हणे आमचं. तिनं वास घेतला, त्या अर्थी उष्टं झालं, असं म्हणून बाईंनी त्या दिवशी नुसतं केळं खाल्लं.

ती विचारायची तेही चमत्कारिक. तुमच्या आईचा भाऊ कोण होता? तुमच्या मुलाला मामा आहे का? तो फोन का करत नाही? घर मुलाला मिळणार की भाच्याला? "बघ," बाई उत्तराला म्हणाल्या, "वारसाची चौकशी करते आहे."

"अहो आई, तिच्याकडे मूल आईच्या कुळाचं मानतात. मामाचा मान मोठा. ती सहज विचारते."

"सहज कोणी काही विचारत नसतं," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः चौतीस वर्षं सहज विचारलं होतं, त्यामुळे त्यांना ठाऊक.

जानेवारीत बाना एक दिवस रडून सुजलेल्या डोळ्यांनी आली. आई वारली, तिकडे, छावणीत. चार दिवस रजा हवी होती. उत्तराने लगेच दिली, वर डाळभात डब्यात भरून दिला. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी बानाला एका पुरुषाचा फोन आला, आणि ती हसायला लागली. अगदी पोट धरून हसली. अहिल्याबाई खुर्चीत ताठ झाल्या. आईचं अजून तेरावंही झालं नसेल.

"कोण होता?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे कुळांची जोडी असते," बाना डोळे पुसत म्हणाली. "आमच्यात कोणी मेलं की त्या कुळाने आमची थट्टा करायची. शिव्या द्यायच्या. म्हणाला, तुझी म्हातारी मेली ते बरं झालं, सगळे मासे एकटी खायची. त्यांनी हसवायचं, आम्ही हसायचं. नाहीतर मेलेलं माणूस घर सोडत नाही."

बाईंना पटलं नाही. आणि मार्च लागला तोच बाना पुन्हा सुजलेले डोळे घेऊन आली. आई वारली.

"कोणाची?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"माझी."

आता मात्र बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे सुटकेने, की आपण म्हणत होतो तेच खरं. एका माणसाची आई एकदा मरते. एवढं गणित यायला चौतीस वर्षांची नोकरी लागत नाही.

याच्याच आसपास बानाने उत्तराला एक विनंती केली. तिची मुलगी काब्वे, चौदा वर्षांची, झांबियातल्या निर्वासितांच्या छावणीत होती. बानाला ज्या संस्थेने इथं आणलं, तिच्यामार्फत मुलीला आणायचा अर्ज चालू होता. मी तुमच्याकडे नियमित काम करते, मुलीबद्दल बोलत असते, असं दोन ओळींचं पत्र द्याल का? आणि कोणी फोन केला तर सांगाल का? उत्तराने बसल्या जागी पत्र टाइप करून सही करून टाकली. मुलीचं आता तिकडे कोणी उरलेलं नव्हतं, ती एकटी होती.

अहिल्याबाई हे सगळं ऐकत होत्या. डिसेंबरात दोन, मार्चमध्ये तीन.

फोन आला तो एका मंगळवारी दुपारी. बाना तळघरात कपडे वाळवायच्या मशीनशी होती. उत्तराचा मोबाइल लागेना म्हणून संस्थेच्या बाईने घरचा नंबर फिरवला होता. अहिल्याबाईंना 'थोड्या वेळाने करा' म्हणता आलं असतं. पण कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्यांना साक्ष विचारत होतं.

"ओनोरीनला मुलं किती, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"दोन," अहिल्याबाई म्हणाल्या. "टू बॉइज. शी टोल्ड मी. फर्स्ट डे."

"मुलीबद्दल कधी बोलली?"

"नॉट फर्स्ट डे," त्या म्हणाल्या. आणि विचारलं नसताना पुढे जोडलं, "हर मदर डाइड टू टाइम्स."

पलीकडची बाई काही लिहून घेत होती. ते कीबोर्डचं टकटक अहिल्याबाईंना फार ओळखीचं वाटलं. फोन ठेवून त्यांनी बानाला चहा टाकायला सांगितलं. बाना चहा घेऊन आली, उशी सारखी केली, पाय उचलून स्टुलावर ठेवला. बाईंनी चहा प्यायला. तो दिवस त्यांचा चांगला गेला.

एप्रिलच्या सुरुवातीला बाना स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिलेली त्यांना दिसली. रडत नव्हती, नुसती उभी होती. त्यांनी वॉकर पुढे ढकलत नेला.

"काय झालं?"

बाना म्हणाली, "काब्वेचा अर्ज गेला. त्यांनी गालातली लाळ घेतली होती, तिची आणि माझी. जुळली नाही."

"नाहीच ना ती तुझी," अहिल्याबाई म्हणाल्या. आवाजात विजय होता, तो त्यांना स्वतःलाही ऐकू आला.

बाना त्यांच्याकडे वळली आणि तिने सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, त्या हॉलमध्ये चालताना सांगायची तसंच, हळू.

तिला आईशिवाय दोन मावश्या होत्या. ब्विल्यांत मावशीला वेगळा शब्द वापरून दूर करत नाहीत, आईची बहीण ती आईच, थोरली किंवा धाकटी. बानाला जन्म देणारी लहानपणीच गेली होती. जानेवारीत गेली ती थोरली आई, मार्चमध्ये गेली ती धाकटी. बानाची एक मोठी बहीण होती. तिला मुलगी झाली आणि दहा महिन्यांत बहीण तापाने मेली. ती मुलगी काब्वे. बानाचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं. मूल तिच्या पाठीवर बांधलं गेलं आणि त्याच दिवसापासून गाव तिला बाना काब्वे म्हणायला लागलं, काब्वेची आई. आपले मुलगे झाले तरी ते नाव बदललं नाही, कारण थोरल्या मुलावरूनच बाईला हाक मारतात. थोरली काब्वे होती.

"दोन हजार साली, ख्रिसमसच्या आधी, लढाई आमच्या गावापर्यंत आली," ती म्हणाली. "सगळे झांबियाकडे पळाले. माझ्या पाठीवर एक, कडेवर एक. काब्वे सहा वर्षांची, ती धाकट्या आईचा हात धरून होती. गर्दीत हात दिसेनासा झाला. आम्ही एका छावणीत, त्या दुसऱ्या. मला कळलं त्या जिवंत आहेत, तेव्हा मी अमेरिकेत होते."

"मग मला पहिल्या दिवशी दोन का सांगितलंस?"

"एजन्सीने शिकवलं होतं, पेशंटसमोर रडायचं नाही. काब्वेचं नाव घेतलं की मला रडू येतं."

अहिल्याबाई जेवल्या नाहीत. पोटात दुखतं असं सांगितलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी अहिल्याबाई स्वतःशीसुद्धा बोलत नसत. उल्हास त्यांचा मुलगा नव्हता. त्यांची मोठी बहीण सुचित्रा हिचा तो. तो चौदा महिन्यांचा असताना सुचित्रा काविळीने गेली, आणि बिनआईच्या पोराला सावत्र आई येण्यापेक्षा मावशी बरी म्हणून घरच्यांनी धाकटीला मेव्हण्याच्या, एकनाथरावांच्या, घरी दिलं. माय मरो आणि मावशी जगो, असं तेव्हा लग्नात सगळ्या बायका म्हणत होत्या. चोवीस वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारलं नव्हतं. पण पोराने पहिल्याच रात्री त्यांचा पदर मुठीत धरला तो काही सोडला नाही, आणि त्यांना दुसरं मूल झालं नाही, हवंसंही वाटलं नाही. उल्हास परदेशी निघाला तेव्हा जन्माचा दाखला हवा होता. जन्म खेड्यातला, नोंद नव्हती. दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घेऊन उशिराची नोंद झाली, ती अहिल्याबाईंच्याच टेबलावर, त्यांच्याच अक्षरात. आईचं नाव या रकान्यापाशी त्या थोडा वेळ थांबल्या होत्या. मग लिहिलं, अहिल्या एकनाथ बोकारे. चौतीस वर्षांतली त्यांची ती एकमेव खोटी नोंद. त्याच दाखल्यावर उल्हासने त्यांना इथं आणलं, आणि मे महिन्यात त्यांचा नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. आपल्या खुर्चीखाली काय आहे हे ज्याला ठाऊक असतं, तोच दुसऱ्याची खुर्ची उचलून बघत बसतो.

रविवारी नाश्त्याला त्यांनी उल्हासजवळ विषय काढला. फोनवर आपण काय बोललो तेही सांगितलं, मान खाली घालून.

"आई, तू यात पडू नकोस," उल्हास म्हणाला. "टेस्ट मॅच झाली नाही, मॅटर क्लोज्ड. तू हो म्हणाली असतीस तरी काही झालं नसतं. तिने फॉर्मवर डॉटर लिहायलाच नको होतं यार. नीस लिहायचं."

"नीस लिहिलं तर आणता येतं?"

"नाही."

"मग?"

"मग नाही आणता येत. रूल इज रूल."

"माझ्या फॉर्मवर तू काय लिहिलंस?"

उल्हासने टोस्ट खाली ठेवला. शेहेचाळीस वर्षांत हा विषय या दोघांत निघाला नव्हता. त्याला माहीत होतं हे त्यांना माहीत होतं, तरीही.

"ते वेगळं आहे," तो शेवटी म्हणाला.

"कसं?"

"तू आई आहेस."

"तेच ती म्हणते आहे," अहिल्याबाई म्हणाल्या आणि वॉकर ओढून उठल्या.

पत्र नेत्राने टाइप केलं. अहिल्याबाई सरकारी थाटात सांगत गेल्या. मी, खाली सही करणार, माझ्या घरी काम करणाऱ्या बाईला दोन मुलं आहेत असं फोनवर सांगितलं, ते चूक होतं. तिला तीन आहेत. थोरलीवरून तिला हाक मारतात, आणि हे मी डिसेंबरपासून रोज माझ्या कानांनी ऐकत होते. तिची आई दोनदा मेली असं म्हणाले, तर तिला दोन आया होत्या आणि दोघीही खऱ्याच मेल्या. आमच्याकडेही असं असतं. माझा मुलगा उल्हास माझ्या बहिणीच्या पोटचा आहे. माझ्या आणि त्याच्या गालातली लाळ घेतलीत, तर तीही जुळणार नाही.

नेत्राची बोटं थांबली. "आजी, वेट. यू आर नॉट बाबाज मॉम?"

"पुढे टाइप कर."

"बट इंटरव्ह्यूचं काय? इज धिस सेफ?"

"सेफ नाही. टाइप कर."

नेत्राने टाइप केलं. अहिल्याबाईंनी सही केली. त्यांना भीती वाटत होती, आणि ती लपवण्यात काही अर्थ नव्हता.

सोमवारी बाना आली तशी त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "तो फोन मी घेतला होता. दोन म्हणून मी सांगितलं."

"मला माहीत आहे," बाना म्हणाली. "त्यांनी मला वाचून दाखवलं. घरातली म्हातारी बाई म्हणते दोन. आई दोनदा मेली तेही."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

तीन आठवडे या बाईने त्यांना रोज उठवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, पायाला तेल लावलं होतं.

"मग तू येत का राहिलीस?"

"बघत होते, तुम्ही सांगता का," बाना म्हणाली. "तुम्ही मला बघत होतात, मी तुम्हाला बघत होते."

तिने पत्र उघडून वाचलं. सावकाश वाचलं, शेवटच्या ओळी दोनदा. मग ते बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, आणि नेहमीसारखं त्यांना हॉलमधून तीनदा चालवलं. बोलली मात्र नाही. पाच वाजता कोट चढवताना म्हणाली, "उद्यापासून दुसरी येईल. मी एजन्सीला सांगितलं आहे."

"राग आहे?"

"हो, आजी. आहे."

पत्राने काही झालं नाही. त्या वर्षी पुढे पुढे तर तो मार्गच बंद झाला. बानाच्याच नव्हे, कुणाच्याच अर्जातली मुलं घेणं थांबलं. मे महिन्यात अहिल्याबाईंच्या इंटरव्ह्यूत त्यांना शंभर प्रश्नांतले सहा विचारले, आईबद्दलचा एकही नाही, आणि अभिनंदन करून पाठवून दिलं. गाडीत त्या इतक्या रडल्या की उल्हासला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं.

त्या मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संस्थेला फोन करू लागल्या. काब्वेचा अर्ज कुठवर आला? उत्तर ठरलेलं, काही हालचाल नाही. त्या पुढच्या महिन्यात पुन्हा करीत. नगरपालिकेत अशा चिवट बायका त्यांनी खूप पाहिल्या होत्या आणि त्यांना कंटाळून आतून 'साहेब नाहीत' म्हणून कळवलं होतं.

डिसेंबरात फोनवर एक नवा मुलगा होता. त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, माहिती फक्त नातेवाइकांना देता येते. तुमचं मुलीशी नातं काय?

अहिल्याबाई थांबल्या. आईचं नाव या रकान्यापाशी त्या एकदा थांबल्या होत्या, तेवढ्याच.

"मदर्स सिस्टर," त्या म्हणाल्या. "लिहा, मी थांबते."